नव्वद सेकंदांत न बसणारी माणसं

विमानाला आग लागली तर कोणामुळं माणसं मरतील, याचा निकाल आमच्याकडं अपघाताच्या आधीच लागलेला असतो. आरोपींची यादी तयार आहे. गुडघ्याला हात लावून उठणारी आजी, पट्टा पोटाला पुरत नाही म्हणून जोडपट्टा मागणारे काका, कडेवर पोर असलेली लेकुरवाळी, कुबडीवाला, व्हीलचेअरवाला आणि इंग्रजी न कळणारा, पहिल्यांदाच विमानात बसलेला खेडूत. फिर्यादी मात्र एकच: चाळिशीच्या आतला, धडधाकट, पाठीला लॅपटॉपची सॅक लावून महिन्याला विमानात चढणारा प्रवासी. न्यायाधीशही तोच.

यंदा आमच्या सांगलीजवळच्या माधवनगरातल्या काही ज्येष्ठ मंडळींनी काशीला रेल्वेनं जायचं सोडून पुण्याहून विमानानं जायचं ठरवलं, तेव्हा हा निकाल मला पुन्हा ऐकायला मिळाला. परक्यांनी नव्हे, त्यांच्याच पोरांनी आणि पुतण्यांनी सुनावला. ‘तुम्ही आपलं रेल्वेनंच जा. तिथं काही झालं तर तुमच्यापायी दीडशे माणसं अडकायची.’ बोलणारा पुतण्या हुशार होता, शिकलेला होता, आणि त्याच्याकडं आकडाही होता. आकडा असला की आमच्यात माणूस उर्मटपणाला शास्त्र म्हणायला मोकळा होतो.

त्याचं म्हणणं त्याच्याच जोरात मांडतो, म्हणजे मी ते पातळ केलं असं व्हायला नको. विमान 90 सेकंदांत रिकामं झालं पाहिजे, हा जगाचा नियम आहे. आग थांबत नाही, धूर वाट बघत नाही. ज्याला दीड मिनिटात दारापर्यंत जाऊन घसरगुंडीवर उडी टाकता येत नाही, तो मागच्या सगळ्यांची वाट अडवतो. अशांनी उडू नये. उडायचंच असेल तर त्यांना कोपऱ्यात बसवा, शेवटी उतरवा. यात दुष्टपणा कसला? हे साधं गणित आहे.

ठीक. मग गणितच करू.

हे 90 सेकंद आले कुठून? अमेरिकेच्या विमान नियामकानं 1965 साली विमान कंपन्यांना अट घातली, की भरलेलं विमान दोन मिनिटांत रिकामं करून दाखवा. 1967 साली ती मुदत 90 सेकंदांवर आली. 44 पेक्षा जास्त आसनांचं नवं विमान बाजारात आणायचं, तर ते अंधारात, निम्मेच दरवाजे वापरून, वाटेत उशा, पांघरुणं, पिशव्या टाकून, एवढ्या वेळात मोकळं झालं पाहिजे. थोडक्यात, ही परीक्षा विमानाची आहे. दारं पुरेशी आहेत का, वाट रुंद आहे का, घसरगुंडी वेळेत फुगते का, कर्मचारी शिकलेले आहेत का, हे तिथं तपासतात. प्रवाशाला पास-नापास करायला हा नियम कोणी केलेला नाही. विमानाची प्रश्नपत्रिका उचलून आजीच्या पुढ्यात ठेवायची आणि वर तिला नापास म्हणायचं, हे कुठलं गणित?

आणि या परीक्षेला बसतं कोण? नियमात तेही लिहिलं आहे. किमान 40 टक्के स्त्रिया, किमान 35 टक्के पन्नाशीपुढचे, किमान 15 टक्के पन्नाशीपुढच्या स्त्रिया. सगळ्यांची प्रकृती ठणठणीत हवी. तान्ह्या बाळांच्या जागी तीन बाहुल्या. पन्नाशीपुढचा म्हणजे रोज सकाळी आमराईत पाच फेऱ्या मारणारा एक्कावन्न वर्षांचा गृहस्थही चालतो. सत्तरीतली संधिवाताची बाई तिथं नसते. आंधळा नसतो, पाय नसलेला नसतो, सात महिन्यांची गरोदर नसते. बाहुली रडत नाही, आईचा पदर धरत नाही आणि धुरात गुदमरत नाही. एअरबसच्या ए-380 या दुमजली विमानाची चाचणी मार्च 2006 मध्ये हॅम्बुर्गला झाली. 853 प्रवासी आणि 20 कर्मचारी 78 सेकंदांत बाहेर आले. जगभर टाळ्या पडल्या. त्या निवडलेल्या, ठणठणीत, काय होणार हे ठाऊक असलेल्या माणसांतही एकाचा पाय मोडला आणि तीसेक जणांना किरकोळ लागलं, हे टाळ्यांच्या आवाजात फारसं कोणी ऐकलं नाही. त्याआधी ऑक्टोबर 1991 मध्ये लाँग बीचला एमडी-11 विमानाच्या अशाच चाचणीत साठ वर्षांच्या एका बाईला कायमचा पक्षाघात झाला.

खरी म्हातारी, खरी अधू माणसं चाचणीत घेत नाहीत, कारण त्यांना इजा होईल. हे कारण मला मान्य आहे. पण मग निष्कर्षही मान्य करा: ज्यांना मोजलंच नाही, त्यांच्यासाठी विमान किती सुरक्षित आहे हे कोणाला ठाऊक नाही. मोजायला घेतलं नाही कंपनीनं आणि नियामकानं. गुन्हेगार ठरली ती न मोजलेली माणसं!

हा जुना काळ झाला असं वाटत असेल तर पुढचं ऐका. सीटा एकमेकींना चिकटत चालल्या, गुडघे पुढच्या पाठीला टेकू लागले, तशी अमेरिकेत ओरड झाली. 2019 च्या अखेरीपासून ओक्लाहोमा सिटीत शेकडो स्वयंसेवक घेऊन प्रयोग झाले. अरुंद सीटांमुळं बाहेर पडायला वेळ लागतो का, हा प्रश्न. स्वयंसेवकांचं वय 18 ते 60. साठीपुढचा एकही नाही, मूल नाही, अपंग नाही. अडचण कोणाला होते हे शोधायला निघाले आणि ज्यांना अडचण होते त्यांनाच दाराबाहेर ठेवलं. शेवटी 2024 च्या कायद्यानं तिथल्या संसदेला सांगावं लागलं, की बाबांनो, वयस्कर, मुलं, अपंग, भाषा न कळणारे आणि हातातलं सामान, हे सगळं धरून विचार करा. म्हणजे आमच्या पुतण्याला जे गणित पूर्ण सुटलेलं वाटतं, त्याची मांडणीच अजून अर्धी आहे.

आता दुसरा मुद्दा. प्रत्यक्षात वाट अडवतं कोण? अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं 1997 ते 1999 या काळातल्या 46 विमानांच्या सुटकेचा अभ्यास करून 2000 साली अहवाल दिला. त्या काळात तिथं सरासरी दर अकरा दिवसांनी एक विमान असं घाईनं रिकामं करावं लागत होतं. हवाईसेविकांनी सगळ्यात जास्त वेळा सांगितलेला अडथळा कोणता? म्हातारपण? लठ्ठपणा? कुबड्या? छे. हातातल्या बॅगा. प्रश्नावलीला उत्तर देणाऱ्या प्रवाशांपैकी जवळपास निम्म्यांनी बॅग न्यायचा प्रयत्न केल्याचं कबूल केलं. वरचा कप्पा उघडायला दोन धड हात लागतात, खांद्यात जोर लागतो. सत्तरीच्या आजीचा हात तिथवर पोचत नाही. तिची पिशवी चढतानाही दुसऱ्यानंच वर ठेवलेली असते.

आपल्या माणसांचा नमुना पाहायचा तर 3 ऑगस्ट 2016 चा दुबईचा अपघात आठवा. तिरुवनंतपुरमहून गेलेलं बोइंग 777, आत 300 माणसं, बरेचसे भारतीय. विमान धावपट्टीवर पोटावर घसरलं, धूर भरला. आतलं एक चित्रण नंतर घरोघरी पाहिलं गेलं. कर्मचारी उडी मारा म्हणून ओरडताहेत आणि भर वाटेत उभी राहून माणसं कप्पे उघडून बॅगा उतरवताहेत. नशीब बलवत्तर, 300 च्या 300 वाचले. विमान थांबल्यावर नऊ मिनिटांनी स्फोट झाला आणि आग विझवायला आलेला एक जवान गेला. त्या वाटेत उभे असलेले सगळे वृद्ध होते का? अपंग होते का? चित्रण पुन्हा पाहा आणि सांगा.

आता दुसरं टोक. 2 जानेवारी 2024, टोकियोचं हानेदा विमानतळ. जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून पेटलं. त्या छोट्या विमानातले सहापैकी पाच गेले. मोठ्या विमानात 379 माणसं होती, त्यांत दोन वर्षांखालची आठ बाळं. आतला ध्वनिक्षेपक बंद पडला. आठपैकी तीनच दरवाजे वापरण्याजोगे उरले. कर्मचाऱ्यांनी हातातला भोंगा घेऊन, घसा फोडून माणसं हलवली. उतरल्यापासून सगळ्यात शेवटी वैमानिक बाहेर येईपर्यंत अठरा मिनिटं गेली आणि 379 पैकी एकही दगावला नाही. अठरा मिनिटं! पुतण्याच्या हिशेबानं हे सगळे नापास. पण ते जिवंत आहेत. का? कर्मचारी शिकलेले होते, कोणतं दार उघडायचं नाही हे त्यांना कळत होतं, आणि माणसांनी बॅगा वरच ठेवल्या. बाळं त्यांच्या आड आली नाहीत.

‘पण म्हातारा माणूस हळू चालतो हे तरी खरं ना?’ खरं. सीटवरून उठायला वेळ लागतो, दारात उभं राहून खाली बघितलं की पाय थबकतो, वाकून दारातून निघणं गुडघ्याला जड जातं. एवढं मी देतो, याहून तसूभरही जास्त देणार नाही. कारण हळू चालणं हे अचानक ओढवणारं संकट नव्हे. तिकीट काढताना वय लिहिलेलं असतं. व्हीलचेअर मागितलेली असते. बाळाचं नाव यादीत असतं. आग कधी लागेल हे कंपनीला ठाऊक नसतं, पण चौदाव्या रांगेत कोण बसलंय हे पक्कं ठाऊक असतं. जे आधी ठाऊक आहे त्याची तजवीज न करणं याला दुर्दैव म्हणत नाहीत, हलगर्जीपणा म्हणतात.

तजवीजही काही चंद्रावरून आणायची नाही. दाराजवळच्या सीटवर दार उघडू शकणारा माणूस हवा, हे बरोबरच. पण हळू चालणाऱ्या सगळ्यांना एकाच ठिकाणी कोंबू नये, शेजारी त्यांचंच कोणी असावं, आणि निघण्याआधी कर्मचाऱ्यानं जवळ येऊन तुमचं दार कोणतं, तुम्हाला कोण धरणार, कसं धरलेलं चालेल, हे विचारावं. अमेरिकेच्या नियमात असं स्वतंत्र समजावणं लिहिलेलंच आहे. आणि आपल्याकडं काय चालतं? खिडकीचे वेगळे पैसे, पुढच्या रांगेचे वेगळे पैसे, पाय लांब करायचे वेगळे पैसे. जो देणार नाही तो यंत्र टाकेल तिथं. बारा वर्षांखालच्या मुलाला आईबापांपैकी एकाशेजारी तरी बसवा, हे सांगायला एप्रिल 2024 मध्ये आपल्या नागरी विमान महासंचालनालयाला आदेश काढावा लागला. यावरूनच धंद्याची नियत कळते. आणि म्हातारा एका टोकाला, म्हातारी दुसऱ्या टोकाला बसवलीत, तर धुरात ते दोघं दाराकडं जाणार नाहीत, एकमेकांकडं जातील. हा त्यांचा अडाणीपणा असेल, तर असा अडाणी मी जन्मभर राहायला तयार आहे.

आता अडाणीपणावरच येऊ. ‘सूचना कळत नाहीत यांना.’ कोणत्या भाषेतल्या? पुढच्या खिशातलं पत्रक आणि घाईघाईनं उरकलेली इंग्रजी-हिंदी घोषणा. एका प्रवासात माझ्या शेजारी आमच्याच बाजूची एक आक्का होती. मी पट्टा लावायला मदत करू लागलो तर तिनं माझा हात धरला. ‘दादा, ह्यो सुटतो कसा ते आधी सांग. मग लावू.’ विमानाचा पट्टा गाडीसारखा बटण दाबून सुटत नाही, वरची पत्र्याची झडप उचलावी लागते. तिला उचलून दाखवलं. तिनं स्वतः लावला, सोडला, पुन्हा लावला, पुन्हा सोडला, आणि मगच पाठ टेकली. तिच्या पलीकडचा तरुण कानात बोंडं घालून मोबाईल बघत होता. हवाईसेविका तेच हातवारे करून दाखवत होती, त्यानं मान वर केली नाही. उतरल्यावर तो पठ्ठ्या सवयीनं अंगठ्यानं पट्टा दाबत बसला, गाडीतल्यासारखा. सुटेना. आक्काची झडप केव्हाच उघडली होती. आता सांगा, धुरात कोण अडकणार?

तिच्या नऊवारीवरही मी शेरे ऐकले आहेत. ‘हे नेसून घसरगुंडीवर उडी मारणार?’ मारेल की. कासोटा घातलेल्या बाईचे दोन्ही पाय मोकळे असतात. ती शेतात वाकते, बैलगाडीवर चढते, बांध ओलांडते. सुती कापड आगीत नायलॉनसारखं वितळून कातडीला चिकटतही नाही. घसरगुंडीपाशी काढून टाकायला लावतात ते उंच टाचांचे बूट. ते आक्काच्या पायात नसतात.

गर्दी दारात तुंबते ती कशानं, हेही तपासून झालेलं आहे. 22 ऑगस्ट 1985 ला मँचेस्टरला बोइंग 737 पेटलं आणि 55 माणसं गेली, बहुतेक धुरानं. त्यानंतर क्रॅनफिल्डच्या हेलन म्यूर यांनी प्रयोग केले. विमानात धडधाकट स्वयंसेवक बसवले आणि सांगितलं, पहिले निम्मे बाहेर पडतील त्यांना पाच पौंड जास्त. झालं! दारापाशी माणसावर माणूस चढला, वाट तुंबली. आत एकही जख्ख म्हातारा नव्हता. धडधाकटांनीच धडधाकटांची वाट बुजवली, तीही पाच पौंडांसाठी. जगभर विमानांतल्या वाटा, दारांजवळच्या सीटा आणि जमिनीवरचे दिवे सुधारले ते मँचेस्टरचा असा बारकाईनं अभ्यास झाल्यावर. ‘आता म्हाताऱ्यांना बसवू नका’ असा निष्कर्ष तिथं कोणी काढला नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं? 26 एप्रिल 1993, तेव्हाचं औरंगाबाद. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग उडताना धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरच्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला लागलं आणि पुढं कोसळून पेटलं. 118 पैकी 55 गेले. चौकशीनं कारणं दिली: वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं, आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक विमानतळ प्राधिकरणानं थांबवली नाही. त्यात प्रवाशांच्या वयाचा उल्लेख शोधून दाखवा.

त्याहून जवळचं सांगू? 8 ऑगस्ट 2019, महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. मृतांत बायका होत्या, लहान मुलंही होती. तेव्हा या जिल्ह्यात एकानं तरी म्हटलं का, की बायकापोरं होती म्हणून बोट उलटली? आपण विचारलं ते असं: बोटीत इतकी माणसं का बसवली? जॅकेटं कुठं होती? आधी सूचना का आली नाही? बरोबर प्रश्न होते ते. मग नदीत जी अक्कल आपल्याला होती ती विमानात चढताना खाली का राहते?

राहिला शेवटचा आणि सगळ्यात निर्लज्ज मुद्दा: ‘अशांनी उडूच नये.’ हे करून पाहिलेलं आहे. 19 फेब्रुवारी 2012 ला जीजा घोष या सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या कोलकात्याहून गोव्याला परिषदेसाठी निघाल्या होत्या. सीटवर बसलेल्या बाईंना प्रकृतीचं कारण पुढं करून खाली उतरवलं. सर्वोच्च न्यायालयानं मे 2016 मध्ये स्पाइसजेटला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पुतण्याचा कायदा आणि देशाचा कायदा वेगळा आहे, हे त्यानं एकदा वाचून घ्यावं.

आणि कोणी उडू नये म्हणता? 7 ऑगस्ट 2020 ला कोळीकोडला पावसात घसरून तुटलेल्या विमानात 190 माणसं होती, त्यांत दहा तान्ही बाळं. कोविडात दुबईत अडकलेली ही माणसं घरी परतत होती. वैमानिक आपले नागपूरचे दीपक साठे. ते गेले, त्यांच्यासह 21 जण गेले. बाकीच्यांना काढायला आसपासचे गावकरी साथीची भीती विसरून भर पावसात धावले. त्यांनी कोणाचं वय विचारलं नाही. त्या बाळांनी दुबईतच राहायला हवं होतं का?

गंमत अशी, की हीच पोरं कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवर विमानतळ झालाच पाहिजे म्हणून निवेदनांवर सह्या करतात. होऊ दे की. पण त्या विमानात बसणार कोण? नुसती हळद आणि बेदाणा? न्यू जर्सीला सुनेच्या बाळंतपणाला बोलवायचं असतं तेव्हा हीच आई गुडघ्यासकट चालते. तेव्हा व्हीलचेअरही पोरगाच नोंदवतो, कारण परक्या विमानतळावर इंग्रजी पाट्या वाचत आई हरवेल याची त्याला धास्ती असते. मग त्याच खुर्चीवरून दुसऱ्याच्या आईला हसायचं!

म्हणून स्पष्ट सांगतो. विमान माणसांसाठी असतं, आणि माणसं म्हणजे म्हातारी, पोटुशी, जाडी, अधू, तान्ही, घाबरट, मराठीतच कळणारी, सगळी. सुटकेचं गणित त्यांना वगळून सुटत असेल तर ते गणित चूक आहे, माणसं नव्हेत. विमान बनवणाऱ्यांनी त्यांना धरून मोजावं, कंपन्यांनी त्यांना धरून बसवावं, नियामकानं त्यांना धरून तपासावं, आणि सूचना त्यांना कळेल अशा भाषेत द्याव्यात. यातलं एकही काम आमच्या आजीचं नाही. आणि तुमचं काम एकच आहे, फुकटचं आहे, कोणत्याही वयाला जमण्यासारखं आहे: बॅग वरच राहू द्या. तेवढं जमत नसेल, तर विमानात कोणी बसू नये याची यादी जरूर करा. फक्त पहिलं नाव स्वतःचं घाला.